डबीत काय आहे? : तारुण्यातल्या चुका, उशिरा कळलेले धडे आणि सौंदर्यप्रसाधनांचा इतिहास

१/
१७६० सालच्या सप्टेंबरअखेर इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीची काउंटेस मारिया गनिंग मरण पावली. तिने तिशीही गाठली नव्हती. आयर्लंडमधील एका ओढगस्तीच्या, पण खानदानी घरात वाढलेल्या मारिया आणि एलिझाबेथ या बहिणी दहाएक वर्षांपूर्वी लंडनला आल्या, तेव्हा त्यांना पाहण्यासाठी रस्त्यात गर्दी जमत असे. १७५२ मध्ये मारियाचा विवाह कॉव्हेंट्रीच्या अर्लशी झाला. रूपाच्या बळावर मिळालेले हे स्थान रूपानेच टिकेल, अशी तिची समजूत असल्यास त्यात नवल नव्हते.

२/
चेहरा पांढराशुभ्र दिसावा म्हणून ती सफेदा लावत असे. हा सफेदा म्हणजे शिशाची पूड. होरेस वॉलपोल या समकालीन पत्रलेखकाने तिच्या नवऱ्याचा एक प्रसंग नोंदवून ठेवला आहे. पॅरिसमधील एका मेजवानीत तिने लपूनछपून रंग लावल्याचा अर्लला संशय आला, तेव्हा त्याने भर पंगतीत तिला गाठून रुमालाने तिचा चेहरा पुसून काढला. तिच्या आजारात क्षयाचीही लक्षणे सांगितली जातात. लोकांनी मात्र तिच्या मृत्यूचे खापर सफेद्यावर फोडले आणि ती ‘सौंदर्यप्रसाधनांचा बळी’ म्हणून प्रसिद्ध झाली.

३/
या कहाणीचे तात्पर्य त्या काळी ‘स्त्रीचा नखरा तिला भोवला’ असे काढले गेले. सफेदा कोण बनवतो, त्यात काय असते आणि तो राजरोस का विकला जातो, हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. त्यामुळे मारियानंतरही सुमारे शतकभर तोच सफेदा युरोपातल्या तरुण मुलींच्या चेहऱ्यावर चढत राहिला. दोष बाईला लागला, डबी निर्दोष सुटली. सौंदर्यप्रसाधनांच्या इतिहासात हेच पुढे वारंवार घडले.

४/
सफेदा बनवण्याची रीत फार जुनी आहे. मडक्यात व्हिनेगर घालायचे, त्यावर शिशाचे पत्रे टांगायचे आणि ती मडकी शेणखताच्या ढिगात पुरून ठेवायची. खताची ऊब, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि व्हिनेगरची वाफ यांमुळे काही आठवड्यांत पत्र्यांवर पांढरा थर चढतो. तो खरवडून, धुऊन, वाटून जी पूड मिळते, ती म्हणजे शिशाचे कार्बोनेट. ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकात शिसे आणि व्हिनेगर यांपासून सफेदा करण्याची कृती लिहून ठेवली आहे.

५/
याच ग्रीसमध्ये झेनोफोनने ‘इकॉनॉमिकस’ हा गृहव्यवस्थेवरील संवाद लिहिला. त्यातील इस्कोमाखस नावाच्या गृहस्थाची पत्नी लग्नाच्या वेळी पंधराचीही नव्हती. ती एके दिवशी चेहऱ्याला सफेदा आणि गालांना मुळ्यांपासून काढलेला लाल रंग लावून समोर आली. नवऱ्याने तिला उपदेश केला. त्याचा आक्षेप होता की ही फसवणूक आहे. खोटे चांदीचे नाणे दाखवून खरे म्हणून खपवण्यासारखी. सफेदा विषारी आहे, असा एकही शब्द त्या उपदेशात नाही.

६/
विषाची माहितीच नव्हती, असे मात्र म्हणता येत नाही. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी सफेद्याबद्दल लिहिताना एकाच दमात दोन गोष्टी सांगतो. स्त्रियांचा वर्ण उजळवण्यासाठी तो उपयुक्त आहे आणि तो प्राणघातक विष आहे. दोन्ही वाक्ये शेजारी-शेजारी आहेत आणि दोहोंमधला विरोध त्याला खटकलेला दिसत नाही. ज्ञान होते, पण ते वापरणाऱ्या मुलीपर्यंत पोचवणे कोणाचेच काम नव्हते.

७/
सफेदा इतका काळ टिकला, याला तीन कारणे होती. पहिले, त्याचा गुण तत्काळ दिसे. लावताक्षणी चेहरा गुळगुळीत आणि एकसारखा दिसू लागे; देवीच्या व्रणांच्या त्या काळात ही थोडीथोडकी गोष्ट नव्हती. दुसरे, त्याचा दोष फार उशिरा दिसे. शिसे त्वचेतून फारसे आत जात नाही; पण पूड श्वासावाटे आणि ओठांवाटे पोटात जाते आणि वर्षानुवर्षे हाडांत साठत राहते. पोटशूळ, मनगटे लुळी पडणे, हिरड्यांवर निळसर रेघ उमटणे ही लक्षणे दिसू लागेपर्यंत कारण आणि परिणाम यांचा सांधा कोणालाच आठवत नसे.

८/
तिसरे कारण सर्वांत क्रूर होते. सफेद्याने बिघडलेला चेहरा झाकायला सफेदाच लागे. डाग पडले की थर जाड व्हायचा, थर जाड झाला की डाग वाढायचे. विशीतली हौस तिशीत गरज बनून जाई. पुढे आलेल्या अनेक प्रसाधनांत हे तिन्ही गुणधर्म पुन्हा दिसतात : फळ लगेच, फटका उशिरा आणि सोडायला गेले तर अवस्था आणखी वाईट.

९/
दोष बाईच्या हौसेचा नसून डबीचा आहे, हे ठसठशीतपणे पुढे येण्यासाठी एका पुरुषाचे पाय थरथरावे लागले. जपानमध्ये काबुकी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करतात आणि नट चेहरा, मान, हात पांढरे रंगवतात. या रंगाला ओशिरोई म्हणतात. त्या काळी उत्तम ओशिरोई म्हणजे शिशाची ओशिरोई, असे समीकरण होते. ती त्वचेला घट्ट धरून राही आणि दिव्यांच्या उजेडात खुलून दिसे.

१०/
एप्रिल १८८७ मध्ये परराष्ट्रमंत्री इनोउए काओरू यांच्या निवासस्थानी सम्राट मेइजी यांच्यासमोर काबुकीचा खास प्रयोग झाला. काबुकीला एवढा राजमान प्रथमच मिळत होता. या प्रयोगात विशीतला नामवंत नट नाकामुरा फुकुसुके याचे पाय रंगमंचावर थरथरू लागले. त्याला शिशाची जुनाट विषबाधा झाल्याचे निष्पन्न झाले. पुढे पाचवा नाकामुरा उताएमोन म्हणून तो जपानच्या थोर नटांपैकी एक ठरला. पण त्या विषबाधेचा त्रास त्याला पुढेही भोगावा लागला.

११/
या घटनेने जपान हादरला. इथे ‘नखऱ्याची शिक्षा’ असे म्हणण्याची सोय नव्हती. रंग लावणे हा त्या तरुणाचा पेशा होता. म्हणून प्रश्न थेट रंगाकडे वळला. शिशाविना ओशिरोई बनवण्याचे प्रयत्न सुरू झाले आणि १९०४ मध्ये ‘मिसोनो’ या नावाने शिसेविरहित ओशिरोई बाजारात आली.

१२/
सरकारनेही १९०० मध्ये घातक रंगांविरुद्ध नियम केले. मात्र त्यात एक पळवाट ठेवण्यात आली. चेहऱ्याला लावायच्या शिशाच्या ओशिरोईला ‘तूर्त’ सूट देण्यात आली. ज्या वस्तूमुळे ओरड झाली, तीच कायद्यातून वगळली गेली. कारण उघड होते. मागणी तिलाच होती, स्वस्तही तीच होती आणि तिच्यासारखी नितळ दुसरी बनत नव्हती. हे ‘तूर्त’ तीसहून अधिक वर्षे टिकले.

१३/
त्या वर्षांची किंमत कोणी मोजली, हे १९२३ मध्ये समोर आले. जपानमध्ये तान्ह्या बाळांना मेंदूज्वरासारखा एक आजार होत असे. झटके येत, काही मुले दगावत, काही कायमची अधू होत. क्योतो विद्यापीठातील बालरोगतज्ज्ञ हिराई इकुतारो यांनी दाखवून दिले, की हा संसर्ग नसून शिशाची विषबाधा आहे. ते शिसे आईच्या ओशिरोईतून येत होते. आईच्या गळ्यावर, छातीवर लावलेली पूड दूध पिताना बाळाच्या तोंडात जात होती. अखेर १९३० च्या दशकाच्या मध्यास जपानने शिशाच्या ओशिरोईवर पूर्ण बंदी घातली.

१४/
शिसे हे जुन्या जगाचे विष होते. विसाव्या शतकाने नव्या विज्ञानाच्या नावाने नव्या चुका घडवल्या. १८९५ मध्ये रंटगेनने क्ष-किरण शोधले आणि वर्षभरातच लक्षात आले, की या किरणांनी केस गळतात. व्हिएन्नातील डॉक्टर लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी १८९६ मध्ये पाठीवर केसाळ लास असलेल्या पाच वर्षांच्या मुलीवर क्ष-किरणांचा उपचार केला. केस गेले, पण पाठीवर मोठी जखम झाली. ती मुलगी पुढे दीर्घायुषी झाली आणि पाठीवरचे व्रण तिने म्हातारपणापर्यंत वागवले.

१५/
हा इशारा पहिल्याच वर्षी मिळालेला होता. तरीही १९२० च्या दशकात अमेरिकेत डॉ. अल्बर्ट गायझर यांनी ‘ट्रायको’ नावाची यंत्रणा आणली. ब्यूटी पार्लरमध्ये लाकडी पेटीसारख्या यंत्राच्या खिडकीसमोर बसायचे, यंत्राने ठरलेला वेळ किरण सोडायचे, काही आठवडे फेऱ्या करायच्या आणि ओठांवरची लव कायमची जायची. दुखणे नाही, जळजळ नाही, सुई नाही. अमेरिका आणि कॅनडात अशी पंचाहत्तरच्या आसपास केंद्रे उघडली गेली. यंत्र चालवणाऱ्या व्यक्ती बहुधा डॉक्टर नसत.

१६/
गिऱ्हाइके मुख्यतः तरुण मुली आणि नोकरदार स्त्रिया होत्या. आखूड झगे आणि उघडे दंड यांची फॅशन नुकतीच आली होती आणि अंगावरची लव हा ‘दोष’ आहे, असे जाहिराती त्यांना शिकवत होत्या. सुरुवातीला त्वचा खरोखरच तुळतुळीत झाली. काही महिन्यांनी, काहींच्या बाबतीत काही वर्षांनी, ती सुरकुतू लागली, तिच्यावर पांढरे-तपकिरी चट्टे उठले, न भरणाऱ्या जखमा झाल्या आणि शेवटी कर्करोग. १९२९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या उपचाराचा जाहीर निषेध केला. थोड्याच वर्षांत कंपनी बुडाली. पण धंदा चोरून पुढेही चालला.

१७/
त्याच सुमारास ‘कोरेम्लू’ नावाचे लव काढण्याचे क्रीम अमेरिकी दुकानांत मिळत होते. त्यात थॅलियम होते, जे उंदीर मारण्यासाठीही वापरतात. लावले ओठांवर, पण डोक्यावरचे केस गळाले, पायांतील शक्ती गेली, दृष्टी अधू झाली, अशा स्त्रिया डॉक्टरांकडे येऊ लागल्या. खटले भरले गेले तेव्हा कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि बहुतेकींच्या हाती काहीच लागले नाही.

१८/
१९३३ मध्ये तिसरे नाव पुढे आले : ‘लॅश लूर’. पापण्या आणि भुवया काळ्याभोर करणारा हा रंग. त्यातील मुख्य घटक होता पॅराफिनिलिनडायअमिन, संक्षेपाने पीपीडी. डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांतून तयार झालेला हा घटक केस पक्के काळे करतो, मात्र काहींच्या शरीरात तो तीव्र अॅलर्जी उत्पन्न करतो. समारंभाला जाण्यापूर्वी पापण्या रंगवून घेतलेल्या एका महिलेच्या डोळ्यांत जखमा झाल्या आणि तिची दृष्टी गेली. आणखी काहीजणींना गंभीर इजा झाली आणि एकीचा मृत्यू ओढवला.

१९/
यावर अमेरिकी सरकार काय करू शकत होते? काहीच नाही. १९०६ च्या कायद्यात अन्न आणि औषधे होती. सौंदर्यप्रसाधनांचा उल्लेखच नव्हता. ती क्षुल्लक, बायकी वस्तू समजली गेली होती. म्हणून अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला. ज्या वस्तूंवर कायद्याचा हात पोचत नव्हता, त्या वस्तू आणि त्यांनी केलेली हानी त्यांनी प्रदर्शनात मांडली. लॅश लूर लावण्यापूर्वीचे आणि नंतरचे छायाचित्र शेजारी-शेजारी टांगले. वृत्तपत्रांनी या प्रदर्शनाला ‘भयदालन’ असे नाव दिले.

२०/
ती छायाचित्रे घेऊन महिला संघटना वर्षानुवर्षे झगडल्या. १९३८ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि सौंदर्यप्रसाधने प्रथमच संघीय कायद्याखाली आली. बाजारातून जप्त झालेल्या पहिल्या वस्तूंत लॅश लूर होते. पण इथेही जपानसारखीच पळवाट राहिली. डांबरी रसायनांपासून बनलेल्या केसांच्या रंगांना सूट मिळाली. अट एवढीच, की वेष्टनावर इशारा छापायचा : आधी थोडे लावून चाचणी घ्यावी आणि पापण्या-भुवयांना लावू नये, अंधत्व येऊ शकते. हा इशारा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

२१/
भारतात १९४० चा औषध कायदा फक्त औषधांपुरता होता. तोवर मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांचे ‘अफगाण स्नो’ १९१९ पासून बनत होते आणि ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द मराठी घरांत रुळला होता. प्रसाधनांचा बाजार उभा राहिला, कायदा मागे राहिला. १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधने या कायद्याच्या कक्षेत आली आणि त्याच्या नावातही जोडली गेली. शिसे आणि आर्सेनिक, म्हणजे सोमल, यांची संयुगे रंगासाठी वापरलेल्या प्रसाधनांवर नियमांनी बंदी घातली.

२२/
गोरेपणाच्या ओढीने इथे दोन नव्या चुका घडवल्या. पहिली पाऱ्याची. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतो, त्यामुळे वर्ण काही आठवड्यांत उजळतो. पण तो त्वचेतून आत जातो आणि मूत्रपिंड बिघडवतो. १९७२ मध्ये नैरोबीतील डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या विशिष्ट विकाराचे ६० रुग्ण तपासले, तेव्हा त्यांपैकी निम्म्याहून अधिक जण पारायुक्त क्रीम वापरत असल्याचे आढळले. आज भारतीय नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतरांत पाऱ्याचा अंश दहा लाखांत एक भागाहून अधिक चालत नाही. तरीही पाऱ्याची क्रीमे कोणताही तपशील नसलेल्या डब्यांतून आजही विकली जातात.

२३/
दुसरी चूक स्टिरॉइडची. गजकर्ण किंवा इसब यांसाठी मिळणाऱ्या मलमांतील स्टिरॉइड चेहऱ्याला लावले, की लाली जाते आणि काही दिवसांत त्वचा उजळ दिसते. मैत्रिणीने सांगितले, दुकानदाराने दिले, एवढ्यावर ते वर्षानुवर्षे लावले जाते. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ उठतो, लव वाढते. मलम थांबवले की चेहरा लालबुंद होऊन पेटतो, म्हणून ते पुन्हा लावले जाते. सफेद्याचे जुने चक्र इथे नव्या ट्यूबमधून फिरते.

२४/
२०११ मध्ये भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी १२ केंद्रांवरील पाहणी प्रसिद्ध केली. चेहऱ्याच्या विकारांच्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला अशी मलमे लावत होते. त्यांत विशीतल्यांचा भरणा होता आणि वापराचे सर्वांत मोठे कारण रोजचे किंवा गोरेपणाचे क्रीम हे होते. हे इतके सहज का मिळत होते? औषधांच्या अनुसूची ‘एच’मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट होती, पण बाहेरून लावायच्या मलमांना तीतून सूट होती. तिसऱ्या देशातही पळवाट नेमकी तिथेच होती, जिथे मागणी सर्वाधिक होती. २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड मलमांची ही सूट काढून घेण्यात आली.

२५/
चूक उशिरा उघड होण्याचे आणखी एक कारण म्हणजे तिला आजाराचे नाव मिळणे. चिकटणाऱ्या टिकल्या आल्यावर भारतात काही स्त्रियांच्या कपाळावर, अगदी टिकलीच्या जागी, पांढरा डाग पडू लागला. तो कोड समजला गेला. कोड या शब्दाने महाराष्ट्रात किती लग्ने मोडली आहेत, हे सांगायला नको. प्रत्यक्षात डागाचे कारण टिकलीच्या डिंकातील पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल हे रसायन होते, असे भारतीय डॉक्टरांनी १९९० मध्ये दाखवून दिले. त्याआधी ज्यांना ‘कोड’ ठरवले गेले, त्यांच्यापर्यंत ही दुरुस्ती पोचली की नाही, याची नोंद कुठेच झाली नाही.

२६/
हे अडाणीपणामुळे घडते, असे मानणे चुकीचे ठरेल. जुलै २०१३ मध्ये जपानच्या कानेबो कंपनीने ५४ उत्पादने बाजारातून परत बोलावली. वर्ण उजळवण्यासाठी त्यांत रोडोडेन्ड्रॉल हा सरकारमान्य घटक होता आणि तो वापरणाऱ्या सुमारे १९ हजार लोकांच्या त्वचेवर पांढरे चट्टे पडले होते. पुढे चौकशीत दिसून आले, की पहिली तक्रार २०११ मध्येच आली होती. पण ती ग्राहकाचा स्वतःचा आजार समजून बाजूला ठेवली गेली. शिशाची ओशिरोई ज्या देशाने अनुभवली होती, त्याच देशात डबीऐवजी शरीराला दोष देण्याची सवय शिल्लक होती.

२७/
‘जुने, घरगुती, नैसर्गिक ते निर्धोक’ हा यावरचा उतारा होऊ शकत नाही. शिसे, पारा, सोमल सारे निसर्गातूनच आले. हळद आणि उटणे यांच्याविषयीची माया समजण्याजोगी आहे, पण डबीवर ‘नैसर्गिक’ लिहिल्याने आत काय आहे ते कळत नाही. सर्वांत सोपे उदाहरण ‘काळ्या मेहंदी’चे. मेहंदीच्या पानांचा रंग तांबूस-केशरी असतो, काळा नसतो. हातावर तासाभरात काळीभोर रंगणाऱ्या मेहंदीत बहुधा पीपीडी मिसळलेले असते. लॅश लूरमधले तेच पीपीडी.

२८/
इथे तारुण्यातली चूक आणि तिची शिक्षा यांच्यामधले अंतर सर्वांत लांब असते. लग्नसराईत किंवा जत्रेत पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातावर काळी मेहंदी काढली जाते. त्या वेळी कदाचित थोडी खाज येते, कदाचित तेवढीही नाही. पण तिच्या प्रतिकारशक्तीने तो पदार्थ ओळखून ठेवलेला असतो. वीस-पंचवीस वर्षांनी पहिले पांढरे केस झाकण्यासाठी ती केसांना रंग लावते आणि दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा सुजतो, डोळे मिटतात. त्या दिवशी तिला जत्रेतली मेहंदी आठवत नाही.

२९/
सारांश, हा इतिहास तरुण मुलींच्या अविचाराचा नाही. परिणाम उशिरा दिसणारी वस्तू विकणाऱ्याला त्या उशिराचाच फायदा मिळतो, हे त्याचे सूत्र आहे. मारिया गनिंगला हसणाऱ्यांनी काही शिकले नाही. ज्यांनी ‘यात काय आहे?’ हा प्रश्न विचारला, त्यांनी शिकवले : ओशिरोई तपासणारे बालरोगतज्ज्ञ, भयदालन उभारणारे कारकुनी खाते, टिकलीचा डिंक तपासणारे डॉक्टर. डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि मुदत नसेल, तर ती न घेणे हा त्यांच्या श्रमांतून मिळालेला सर्वांत साधा धडा आहे.

३०/
भारतीय नियमांनुसार डांबरी रसायनांच्या केसांच्या रंगावर इशारा छापावा लागतो आणि चाचणीच्या सूचना स्थानिक भाषेतही द्याव्या लागतात. कोणत्याही गावातल्या किराणा दुकानात मिळणाऱ्या रंगाच्या छोट्या पाकिटावर तो बारीक अक्षरांत सापडतो : आधी चाचणी घ्यावी, पापण्या आणि भुवयांना लावू नये, अंधत्व येऊ शकते. बहुतेक जण तो न वाचता पाकीट फाडतात. ते वाक्य १९३३ मध्ये लॅश लूरने डोळे गमावलेल्या स्त्रियांमुळे कायद्यात आले आणि पुढे भारतीय नियमांतही त्याला जागा मिळाली. रंग कालवण्यापूर्वी ते वाचायला अर्धा मिनिटही लागत नाही.

(थ्रेड समाप्त)